किल्ल्यांच्या नकाशासाठी ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेच्या वेबसाइटवर कोकण किनाऱ्याचा नकाशा लागला आहे. मुलांनीच कार्डशीटवर रंगवलेला. हर्णैच्या सुवर्णदुर्गावर बोट टेकवलं की त्याची माहिती उघडते, वाघोटन खाडीच्या तोंडावरच्या विजयदुर्गावर टेकवलं की त्याची. प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या माणसाच्या हातून हे झालं ते तुमच्यामुळे, म्हणून हे चारचौघांत लिहितोय.

ज्याला विचारावं तो म्हणायचा, हे प्रोग्रामरचं काम, पैसे पडतील. तुम्ही म्हणालात, "सर, चित्र तुमच्या मुलांचं आहे, आकारही तुम्हीच काढा." आणि गिंप उघडून दिलंत. चित्रांवर काम करायचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात फिल्टर्स, मग वेब, मग इमेज मॅप, म्हणजे चित्रावर आकार काढून प्रत्येकाला लिंक जोडायची सोय. प्रत्येक जागा चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून पिक्सेलमध्ये मोजली जाते, पण मोजणी सॉफ्टवेअरच करतं.

मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाचा ठिपका लहान, त्याला वर्तुळ पुरलं. सिंधुदुर्गाचं चित्र मुलांनी मोठं काढलेलं, तिथे वर्तुळ चालेना. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभा राहिलेला हा किल्ला, तट खडकाच्या कडेकडेने वळत गेलेला. तुम्ही बहुकोन घ्यायला लावलात. प्रत्येक वळणावर एक क्लिक, शेवटी डबल क्लिक की आकार बंद. घाई करू लागलो की म्हणायचात, "बुरूज सुटला, सर." जन्म मालवणात गेला, पण तटाची वळणं इतकी सावकाश मी कधी पाहिली नव्हती.

प्रत्येक आकारामागे पर्यायी मजकूरही तुम्ही लिहवून घेतलात. ज्याला दिसत नाही त्याचा फोन काय वाचून दाखवणार, हा तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

आणि फोनचंही तुम्हीच आधी सांगितलंत. इमेज मॅपचे आकडे ठरलेले असतात. छोट्या स्क्रीनवर चित्र आकसतं, आकार मात्र जुन्याच जागी राहतात, मग देवगडवर बोट ठेवावं तर भलतंच उघडायचं. आमचे पालक तर सगळं फोनवरच बघणार. म्हणून तेच आकार इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रावर गिरवून, प्रत्येकाला लिंक जोडून एसव्हीजी, म्हणजे चित्रासोबत आकारही लहान-मोठे होणारी फाइल, करायला शिकवलंत. गिंपमध्ये बसलेला हात इथे कामी आला. अशी फाइल वेबपेजवर नुसती चित्र म्हणून टाकली तर लिंक चालत नाहीत, पानाच्या कोडमध्ये ऑब्जेक्ट म्हणून बसवावी लागते. तेवढी एक ओळ तुम्ही स्वतः घालून दिलीत, तीही आचऱ्याची एसटी चुकवून.

आता वेंगुर्ल्याच्या एका शाळेतल्या बाईंना असाच नकाशा हवाय, मासळीच्या जातींचा. त्यांना मी शिकवतोय, बहुकोनापासूनच.

मनापासून आभार, ताई. घरी सर्वांना नमस्कार सांगा.

आपला,
मालवणचा एक शिक्षक