रविवारची खंड्या-फेरी : कर्नाळा

मंडळी,
येत्या रविवारी आपण कर्नाळ्याच्या अभयारण्यात तिबोटी खंड्या हा पक्षी बघायला जातोय. सकाळी ६ वाजता पनवेल एसटी स्टँडवर जमायचं. ६.१५ ला निघणार, कोणासाठीही थांबणार नाही. (मागच्या वेळी कोणासाठी थांबलो ते सगळ्यांना आठवतंय.)

पक्षी जेमतेम १३ सेंटीमीटरचा, म्हणजे चिमणीपेक्षाही लहान. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. पावसाळ्यात तो ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ खोदून पिल्लं वाढवतो. आधी कान द्या: बारीक, चिरकी शीळ येते आणि डोळ्यांसमोरून नारिंगी-जांभळी रेघ निघून जाते. मग ओढ्यावर झुकलेल्या खालच्या फांद्या दुर्बिणीने शोधा. तळ्यावर घिरट्या घालणारा काळा-पांढरा दिसला तर तो कवड्या खंड्या, आपला नव्हे.

आता नियम, आणि यात सवलत नाही:
– बीळ दिसलं तर तिथे थांबायचं नाही. चोचीत छोटा सरडा किंवा खेकडा घेऊन आलेले आईबाप माणूस समोर असला की बिळात शिरत नाहीत आणि पिल्लं उपाशी राहतात.
– फ्लॅश नाही, मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणं नाही.
– फोटो टाकताना बिळाची जागा लिहू नये.

कपडे मळकट हिरवे किंवा खाकी, छत्रीऐवजी रेनकोट. डबा, पाणी आणि डासांचं मलम आपापलं.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच नाव कळवा. फार तर १२ जण. मुसळधार पाऊस असेल तर शनिवारी संध्याकाळी रद्द झाल्याचं कळवू.