पाठिंबा दिलात, आता कारणही द्या

संपादक महोदय,

पहिल्याच निवडणुकीत सगळीकडे स्वतःचे उमेदवार उभे करण्याइतके बळ नव्या पक्षाकडे बहुधा नसते. मग तो एखाद्या अपक्षाला पाठिंबा जाहीर करतो आणि फलकांवर ‘पुरस्कृत उमेदवार’ असे झळकू लागते. यात गैर काही नाही. अननुभवी माणसाला घाईने तिकीट देण्यापेक्षा हे केव्हाही बरे. माझी तक्रार वेगळी आहे. पाठिंबा कोणाला दिला, हे पत्रकार परिषदेत कळते. तो त्यालाच का दिला, हे मात्र मतदाराला कधीच कळत नाही.

हे कळणे गरजेचे आहे, कारण निकालानंतर पक्षाच्या हातात काहीच उरत नाही. अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार किंवा खासदार पाठिंबा देणाऱ्या पक्षाच्या व्हिपला, म्हणजे सभागृहात मत कसे द्यायचे याच्या पक्षादेशाला, बांधील नसतो. उलट निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात दाखल झाला, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातल्या पक्षांतरबंदीनुसार त्याचे सदस्यत्वच धोक्यात येते. मतदाराने पक्षाच्या शब्दावर विसंबून मत दिलेले असते आणि पक्ष मात्र ‘तो आमचा नव्हताच’ म्हणायला मोकळा राहतो. म्हणून जी काय पारख करायची, ती आधीच व्हायला हवी आणि लोकांसमोर व्हायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी दिलेल्या आदेशात राजकीय पक्षांना बजावले आहे, की गुन्हे प्रलंबित असलेला उमेदवार निवडला तर त्याची कारणे जाहीर करा, आणि ती कारणे त्याच्या पात्रतेची व कामगिरीची असावीत, नुसती ‘निवडून येण्याची क्षमता’ चालणार नाही. हा आदेश पक्षाने निवडलेल्या उमेदवारांसाठी आहे. बाहेरून दिलेल्या पाठिंब्याचा त्यात उल्लेख नाही. पण स्वच्छ राजकारणाचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या पक्षाने अशा पळवाटेचा आधार का घ्यावा? हीच कसोटी त्याने आपण होऊन लावून घ्यावी, आणि गुन्हे असोत वा नसोत, प्रत्येक पाठिंब्याला लावावी.

यापूर्वी नव्या पक्षांनी असे प्रयत्न केलेले आहेत. २०१३च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीसाठी आम आदमी पक्षाने इच्छुकांकडून मतदारसंघातल्या शंभर मतदारांच्या सह्या मागितल्या, छाननीतून उरलेली नावे लोकांसमोर ठेवून हरकती मागवल्या. वर्षभरापूर्वी जन्मलेल्या त्या पक्षाला ७० पैकी २८ जागा मिळाल्या. पुढे तो पक्ष या वाटेवर किती टिकला यावर वाद होऊ शकतो, पण ती पद्धत चांगलीच होती. न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली स्थापन झालेला वर्किंग फॅमिलीज पक्ष तर मुख्यतः इतरांच्या उमेदवारांना पाठिंबा देऊनच वाढला. इच्छुकांना आधी प्रश्नावली, मग मुलाखत, अशी त्याची रीत. तिथल्या कायद्याने एकाच उमेदवाराचे नाव दोन पक्षांच्या ओळीत छापता येते आणि प्रत्येक ओळीची मते वेगळी मोजून मग बेरीज होते, त्यामुळे पाठिंब्याने किती मते आणली तेही उघड दिसते. याउलट इटलीतल्या फाइव्ह स्टार चळवळीने २०१२ साली संसदेसाठीचे उमेदवार सदस्यांच्या ऑनलाइन मतदानाने निवडले. त्यातले अनेक जण पुढच्या काही वर्षांत काढले गेले किंवा स्वतः बाहेर पडले. सदस्यांचे मत घ्यावेच, पण माणूस नीट तपासून झाल्यावर.

आता प्रश्नावलीचे बघू. ‘भ्रष्टाचाराला तुमचा विरोध आहे का?’ या प्रश्नाला नाही कोण म्हणेल? असल्या प्रश्नांनी कागद भरतो, माणूस कळत नाही. त्यापेक्षा विचारावे, की तुमच्या नगरपालिकेच्या मागच्या अंदाजपत्रकातला कुठला खर्च तुम्ही कापला असता, आणि तो कापल्यावर ज्यांचे नुकसान झाले असते त्यांना काय सांगितले असते? याआधी कोणकोणत्या पक्षांकडे तिकीट मागितले होते? प्रचाराचा पैसा कोण देणार आहे? निवडून आल्यावर सरकार बनवायला पाठिंबा मागितला गेला, तर कोणाला विचारून ठरवाल? उत्तरे त्याच्या सहीनिशी घ्यावीत आणि जशीच्या तशी लोकांसमोर ठेवावीत. ज्याला पाठिंबा नाकारला त्याचीही उत्तरे, त्याची संमती असेल तर, शेजारीच असावीत. खरी तुलना तिथेच होते.

वेळेचे गणित मात्र अवघड आहे. उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसानंतर दुसऱ्याच दिवशी छाननी होते आणि तिथून दोन दिवसांत माघारीची मुदत संपते. गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचे शपथपत्र अर्जासोबत येते, म्हणजे पक्षाने तोवर थांबायचे ठरवले तर तपासायला हाती जेमतेम दोन-तीन दिवस राहतात. याच गडबडीत पाठिंबे वाटले जातात. पाठिंबा हवा असणाऱ्याकडून शपथपत्राचा मसुदा निदान महिनाभर आधी मागून घ्यावा. जो तो द्यायला कचरतो, त्याच्याविषयी वेगळे काही शोधायची गरज उरत नाही.

निर्णय घेणाऱ्या समितीत कोण आहे आणि त्यांचे इच्छुकांशी नाते वा व्यवहार आहेत का, हेही जाहीर हवे. दिलेला पाठिंबा कोणत्या कारणाने काढून घेतला जाईल, हे आधीच लिहिलेले हवे. नोंदणीच्या वेळी प्रत्येक पक्षाला आपली घटना निवडणूक आयोगाला सादर करावीच लागते. स्थापनेच्या तयारीत असलेल्या मंडळींनी हे नियम त्या घटनेतच घालावेत, म्हणजे ऐन निवडणुकीत नेत्याला वाटले म्हणून ते बाजूला सारता येणार नाहीत.

आपला,
एक मतदार