जुव्यावरच्या काका-काकींना

ती. स्व. काका आणि काकी यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितेय, चार लोकांनी वाचावं म्हणूनच. तुमचं आणि जुव्याचं नाव मात्र घातलेलं नाही. "नाव घातलंस तर मे म्हयन्यात रांग लागतली, माका झेपाचा नाय," असा काकींचा दम आहे. वाचणाऱ्यांनी एवढंच समजावं, की मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीत, भरतगड आणि भगवंतगड एकमेकांकडे बघत उभे आहेत त्या पाण्यात, काही जुवे, म्हणजे खाडीतली छोटी बेटं, आहेत. त्यातल्या एकावर हे चौपाखी, कौलारू, शंभरी ओलांडलेलं घर आहे. होडीशिवाय तिथे पोचता येत नाही. सरकारी भाषेत त्याला निवास-न्याहारी म्हणतात. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाल्यापासून असे फलक आमच्या भागात जागोजागी दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी फलकामागे फरशी लावलेल्या चार खोल्या आणि एक एसी असतो.

आम्ही तुमच्याकडे हवापालटाला आलो नव्हतो. देवगडकडच्या आमच्या घराचा निकाल लावायला भावकी जमणार होती आणि आईला त्या पडक्या घरात झोपवणं शक्य नव्हतं. घर पाडायचं आणि स्लॅबचं बांधायचं, हे जवळपास ठरलेलं होतं. दादाने कंत्राटदारही बघून ठेवला होता.

आईला होडीत बसवताना काकी गुडघाभर पाण्यात उतरल्या, तिचा हात धरला आणि ती बसेपर्यंत तिच्याशी फणसाच्या भाजीवर बोलत राहिल्या. आई पाण्याला घाबरते हे आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. आभारांची सुरुवात तिथून करते.

पहिल्याच संध्याकाळी काकांनी माळ्यावरून एक कौल काढून दाखवलं. मागे बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हे साल. मी लगेच म्हटलं, म्हणजे घर १८६५चं! काका हसले. ते साल घराचं नाही, मंगळूरला मिशनऱ्यांनी कौलांचा कारखाना काढला त्याचं. येणारे पाहुणे असंच समजतात आणि फोटो काढतात, आणि काका प्रत्येकाला खरं सांगतात. काका, दुसऱ्या कुणी तो आकडा दारावर पितळेत कोरून खोलीचं भाडं दुप्पट केलं असतं. तुमच्या बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला तो त्या कौलामुळे.

कौलांची पुढची गोष्टही त्यांनीच सांगितली. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने निम्मं छप्पर उडवलं. जो तो म्हणाला, आता पत्रे घाला. काकांनी उलट केलं. आजूबाजूच्या गावांत लोक स्लॅबसाठी जुनी घरं पाडत होते, त्यांची कौलं यांनी विकत घेतली आणि होडीतून खेप खेप करून जुव्यावर आणली. काही वासे बदलले, जुने होते त्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं. होड्यांना लावतात तेच, वाळवी जवळ येत नाही. वास मात्र बरेच दिवस जात नाही, हेही काकींनी प्रामाणिकपणे सांगितलं.

खरी शिकवणी झाली ती पडवीच्या भिंतीपाशी. मधल्या काळात कुणीतरी ओल दिसते म्हणून खाली कमरेएवढं सिमेंटचं प्लास्टर मारलं होतं. ओल थांबली नाहीच, सिमेंटच्या वर चढली. जांभा चिरा पाणी पितो, आणि खाडीच्या काठी ते पाणी खारं. बाहेरून सिमेंटने तोंड बंद केलं की पाणी जाईल कुठे? मीठ आतल्या आत साठतं, गिलावा फुगतो आणि चिऱ्याचं पीठ व्हायला लागतं. काकांनी ते सगळं सिमेंट हातोडी-छिन्नीने उतरवलं, भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. "पाणी आत येतलाच, पण भायर जावक वाट व्हयी," एवढ्या एका वाक्यात त्यांनी आम्हाला जे समजावलं, ते आमच्या कंत्राटदाराने तीन पानी अंदाजपत्रकात कुठे लिहिलं नव्हतं. काकांनी मला भिंतीवरून हात फिरवायला लावला. वरचा गिलावा गार आणि कोरडा. खाली कोपऱ्यात वीतभर जुनं सिमेंट त्यांनी मुद्दाम ठेवलंय, तिथे बोट लावलं तर पांढरी भुकटी लागते. मी चाखून बघितली, खारट.

न्याहारीबद्दल न लिहिणं कृतघ्नपणा होईल. बिडाचा तवा, त्यावर अर्ध्या कांद्याने फिरवलेलं तेल, पातळ पीठ ओतल्याबरोबर पडणारी घावनाची जाळी, आणि वेलची घातलेला नारळाचा रस. आईला गोड चालत नाही कळल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे न विचारता उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा आला. आई त्या पेजेवर अजून बोलते.

न्याहारीची वेळ मात्र घड्याळावर नाही, पाण्यावर. ओहोटीला होडी चिखलात बसते, म्हणून काकांचा हिशोब तिथीचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी असेल तर साडेचार, आत खाडीत त्याहून जरा उशिरा. माझ्या मुलाने मोबाइलवर ताडून बघितलं आणि गप्प बसला. आता तो डोंबिवलीत बसून रोज तिथी विचारतो.

आणि मग तुम्ही ते केलंत ज्यासाठी हे पत्र आहे. भावकीच्या बैठकीला काका स्वतः आमच्याबरोबर देवगडला आले. कुणी बोलावलं नव्हतं, पैसे घेणार नव्हते, स्वतःच्या खोल्यांची जाहिरातही करायची नव्हती. घराभोवती फिरले, खांबांवर कोयतीची मूठ वाजवून आवाज ऐकला, पाटाच्या बाजूची भिंत बघून नाक मुरडलं. दादाला वाटलं, हे आता जुनं ते सोनं सुरू करणार. पण काका म्हणाले, पश्चिमेची भिंत गेली, ती उतरवून पुन्हा बांधावी लागेल. फणसाचे खांब सगळे शाबूत आहेत, असे आज विकतही मिळणार नाहीत. दर वर्षी पावसाआधी कौलं परतावी लागतील, त्याचे मजूर मिळत नाहीत. तुमच्या गावात माकडं आहेत, तेव्हा फुटणाऱ्या कौलांचा खर्च धरूनच चाला. आणि स्लॅब घालायचाच तर घाला, पण खाऱ्या वाऱ्यात सळ्या गंजतात, गंजल्या की फुगतात आणि काँक्रीट सोलून काढतात. तोही खर्च कागदावर मांडा, मग दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

दादाने मांडले. तो बँकेतला माणूस, त्याला "पूर्वजांचं घर" वगैरे बोलून काही झालं नसतं. आकडे बघून तो म्हणाला, बघूया.

त्या "बघूया"चं आता काम झालंय. घर राहतंय. न्हाणीघर आणि पाण्याची टाकी दादाच्या म्हणण्याप्रमाणे स्लॅबची होईल, बाकी सगळं कौलारू. तुम्ही पाठवलेल्या गवंड्यांनी पश्चिमेची भिंत उतरवली, तिचे निम्म्याहून जास्त चिरे परत वापरता येतील म्हणाले. चुना खड्ड्यात विरवत ठेवलाय. आमच्या धाकट्या काकांचा अजूनही विरोध आहे. त्यांच्या मते आम्ही पैसे मातीत घालतोय. घालू देत, माती आमचीच आहे.

तुमच्या बिलात खोली, न्याहारी आणि होडी एवढंच होतं. देवगडची फेरी, गवंडी शोधून देणं आणि रात्री फोनवर चुना किती दिवस ठेवायचा ते तीनदा समजावणं त्यात नव्हतं, आणि तुम्ही लावूही दिलं नसतं. म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहिलं. मनापासून आभार.

काकांसाठी एक काम आहे. पाटाच्या बाजूचे तीन वासे बदलायचे की नाही यावर सुतार आणि गवंडी यांचं जमत नाहीये. त्रिपुरी पौर्णिमा झाली की आम्ही येतोय, तेव्हा वाशांचे फोटो आणते. काकींनी येताना डोंबिवलीहून काय आणू ते कळवावं. मागच्या वेळी नेलेली मिठाई तुम्ही होडीवाल्याच्या पोरांना वाटलीत, हे मला कळलंय.

तुमची,
देवगडकडची लेक