३३ अंशांच्या भरवशावर गाडी काढू नकोस

लष्कर, ग्वाल्हेर
फेब्रुवारीअखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप रात्री वाचला आणि सकाळी चहा झाल्याबरोबर लिहायला बसलो. फोनवर ३३ फॅरनहाइट आणि पाऊस दाखवतायत, बर्फाचं नावही नाही, म्हणून गुरुवारी नातवाला शाळेत सोडायला तूच गाडी घेऊन जाणार, आणि मुलगा उगाच घाबरतोय, असं लिहिलंस. मुलाचं ऐक रे. शाळा बहुधा बंदच ठेवतील, पण उघडी राहिली तरी तू घरातून निघू नकोस. व्हर्जिनियातला तुझा हा पहिलाच हिवाळा. नुसता बर्फ पडणार असता तर मला एवढी काळजी वाटली नसती. बर्फ निदान डोळ्यांना दिसतो.

तिकडचे लोक ज्याला विंट्री मिक्स म्हणतात त्यात पाऊस, बर्फ, बर्फाचे टणक कण आणि गोठणारा पाऊस असं सगळंच एका दुपारी येऊ शकतं. काय येणार हे तुझ्या दारातल्या तापमापकावरून ठरत नाही, ते वरच्या हवेच्या थरांवर ठरतं. वर ढगात बर्फच तयार होतो. खाली येताना मध्ये उबदार हवेचा थर लागला की तो वितळतो. त्याखाली गोठणबिंदूच्या खालचा गार थर पुरेसा जाड असला तर थेंब वाटेतच पुन्हा गोठतो आणि टपटप उडणारे कण पडतात, तेच स्लीट. पण तो गार थर पातळ असला तर थेंबाला गोठायला वेळच मिळत नाही. तो गोठणबिंदूखाली जाऊनही पाणीच राहतो आणि फांदीला, तारेला, पुलाला लागताक्षणी काच होऊन चिकटतो. रस्ता नुसता ओला दिसतो, आणि गाडीचा ब्रेक लागत नाही.

आता तुझे ३३ अंश. आपल्याकडे मे महिन्यात लू सुटते तेव्हा कूलरच्या ओल्या टट्ट्यांतून तीच हवा गार होऊन येते ना? कोरड्या हवेत पाणी उडून गेलं की हवा थंड होते. तिथंही तसंच. पाऊस सुरू होण्याआधी हवा कोरडी असेल तर पहिले थेंब वाटेत उडून जातात आणि तापमान एक-दोन अंश, कधी जास्तही, उतरतं. ३३ चे ३१ व्हायला वेळ लागत नाही, आणि सगळा खेळ ३२ वर, म्हणजे फॅरनहाइटमधल्या गोठणबिंदूवर, आहे. शिवाय पुलाला खालून जमिनीची ऊब नसते, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. तुझ्या घरापासून शाळेपर्यंत नदीवरचा पूल आहे, तूच मागे फोटो पाठवला होतास.

तुझा भागही नेमका अडचणीचा. उत्तरेकडे हवेचा दाब वाढला की कोरडी गार हवा अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या पूर्व उतारालगत खाली सरकते आणि ब्लू रिज या त्यांच्या पूर्वेकडच्या रांगेला अडून तिथंच तुंबून राहते. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट ऊबदार हवा तिला हटवू शकत नाही, तिच्यावर चढून जाते. म्हणजे वर ऊब, खाली गारठा, गोठणाऱ्या पावसाला हवी तशीच मांडणी. संगणकाची प्रारूपं हा पातळ गार थर अनेकदा लवकर संपवून टाकतात, प्रत्यक्षात तो तासन्‌तास टिकतो. फोनवरचं चित्र अशाच आकड्यांतून निघतं, म्हणून त्यावर माझा विश्वास नाही.

त्यापेक्षा अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसच्या तुमच्या भागातल्या कार्यालयाचं पूर्वानुमान वाच. तिथले हवामानतज्ज्ञ दिवसातून काही वेळा आपली चर्चाही लिहून ठेवतात: अमेरिकी प्रारूप काय म्हणतं, युरोपीय काय म्हणतं, आपला कल कुठे आणि शंका कुठे. मला तर हे वाचायला फार आवडतं. एक माणूस मोकळेपणाने सांगतो की पाऊस आणि बर्फ यांच्यातली रेषा तीस मैल इकडे-तिकडे झाली तर अमुक गावात पाऊस आणि तमुक गावात बर्फाचा थर. पूर्वानुमानाचा खरा ऐवज तिथे असतो. आणि ‘वॉच’ म्हणजे तशी शक्यता आहे, ‘वॉर्निंग’ म्हणजे ते होणार हे धरून चाल. तुला सध्या वॉच आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत वॉर्निंग झाली तर पुढचा विचारच करायचा नाही.

इथलं सांगतो. परवापासून वारा पूर्वेचा झाला, रात्रीचा गारवा एकदम कमी झाला, आणि पाटणकर बाजारात जो तो म्हणतोय, गेली थंडी. गेली नाही. पश्चिमी विक्षोभ यायच्या आधी हे असंच होतं. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान करत तो येतो, हिमालयावर बर्फ टाकतो, आणि त्याच्या प्रभावाने राजस्थानावर वारे चक्राकार फिरू लागले की अरबी समुद्राचं बाष्प आमच्यापर्यंत ओढलं जातं. मग ढग, पाऊस, आणि तो पुढे सरकला की उत्तर-पश्चिमेचा बोचरा वारा, पाठोपाठ धुकं. या वेळी हवामान खात्याने आमच्या जिल्ह्याला पिवळा इशारा दिलाय: गडगडाट, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हातपाय हलवा.

त्या ‘तुरळक ठिकाणी’मध्ये आमचं डबऱ्याजवळचं शेत येतं की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. जानेवारीत हाच पाऊस आला असता तर गव्हाला सोनं होता. आता गव्हाचा दाणा भरतोय, ओंबी जड झालीय, वाऱ्यासकट सर आली की पीक आडवं होतं. मोहरीचं त्याहून कठीण. शेंगा पिवळ्या पडल्यात. उभी ठेवली आणि गारा आल्या तर शेंगा फुटून दाणा मातीत जातो. आजच कापली आणि पाऊस आला तर ढीग भिजून काळा पडतो. बटाईदाराचा काल तीनदा फोन आला, काय करू, काय करू. जिथे शेंगा पूर्ण पिकल्यात तेवढी पट्टी कापून गोठ्यात आण, बाकीची उभी राहू दे, असं सांगितलं. रात्रभर झोप लागली नाही. त्याच्या घरचं वर्षभराचं त्यातच आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट आठवते ना? मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे रब्बी झोपली होती.

आमच्या गारा तुझ्या त्या कणांपेक्षा अगदी वेगळ्या वाटेने बनतात. दुपारचं ऊन तापू लागलंय, पण वरची हवा अजून हिवाळ्याची, गोठणारी पातळी खाली. त्यामुळे उंच वाढलेल्या ढगात वर चढणारा जोरदार झोत गारेला उचलून धरतो आणि ती थरावर थर घेत मोठी होते. तुझ्याकडे हवा शांत थरांत बसलेली, इथे ती उसळलेली. वरची हवा मोजायची रीत मात्र दोन्हीकडे एकच: उपकरण बांधून फुगा सोडायचा. असे फुगे सोडणाऱ्या केंद्रांच्या जागतिक यादीत ग्वाल्हेरचं नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो. आपली पहाटे साडेपाचची ठरलेली वेळ म्हणजे तुझ्याकडे आदल्या संध्याकाळचे सात. सगळ्या जगाची नोंद त्याच घटकेची.

वीज जाईल हे धरूनच राहा. बर्फाचा सहा मिलिमीटर थर चढला तरी फांद्या तारांवर येतात. जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक आणि ईशान्य अमेरिकेत असाच पाऊस दिवसचे दिवस पडला आणि विजेचे लोखंडी मनोरे वाकले. लाखो घरं थंडीत अंधारात होती. टॉर्च, पाणी, औषधं, रजया जवळ ठेव. वीज गेली तर जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये अजिबात लावू नका. दार लावून सिगडी पेटवल्याने इकडे दर हिवाळ्यात माणसं जातात, तो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, तिथेही तोच आहे. सूनबाईंनाही हे वाचून दाखव.

गुरुवारी रात्री लिही: थर किती जाड चढला, वीज किती वेळ गेली, आधी कण पडले की आधी पाऊस. मोहरीचं काय झालं ते मी तुला शुक्रवारी कळवतो.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझाच