बाबांचं कार्ड, आईचं कार्ड आणि पतसंस्थेतली सही

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय’ म्हणून जो आकडा असतो तेवढाच भरला तर चालतं का, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडतं का. आकडे फोनवर सांगून लक्षात राहत नाहीत, म्हणून लिहून पाठवते आहे. थोडं लांबेल. आईनेही वाचावं, कारण शेवटी तिच्याही कार्डाबद्दल आहे.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. किमान रक्कम वेळेवर भरली तर सिबिल बिघडत नाही. पैसे मात्र जातात, आणि किती जातात हे बिलाच्या पहिल्या पानावरून कळत नाही.

समजा, २२ मार्चला ४०,००० रुपयांचा फ्रिज कार्डावर घेतला. बिल दर महिन्याच्या १८ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या ८ ला. म्हणजे १८ एप्रिलच्या बिलात फ्रिज दिसेल, मुदत ८ मे. किमान देय पाच टक्के धरू, २,००० रुपये. तुम्ही तेवढेच भरलेत. आता उरलेल्या ३८,००० वर ९ मेपासून व्याज लागेल असं कुणालाही वाटेल. ते लागतं २२ मार्चपासून, फ्रिज घरी आला त्या दिवसापासून. बिनव्याजी मुदत ही पूर्ण बिल भरणाऱ्यालाच असते. थोडे जरी बाकी ठेवले तरी ती सवलत मागच्या तारखेपासून जाते. बऱ्याच कार्डांचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २२ मार्च ते १८ मे हे ५७ दिवस झाले. ३८,००० वर त्याचं व्याज २,४९२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४४९ रुपये. पुढच्या बिलात बाकी दिसेल ४०,९४१. दोन हजार भरले आणि देणं नऊशे रुपयांनी वाढलं.

एवढ्यावर थांबत नाही. बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. २५ मेला सहा हजारांचा किराणा भरला, की त्याचं व्याज २५ मेपासूनच चालू. पुढच्या महिन्यात किमान देयाचा आकडा एकदम फुगलेला दिसतो, कारण त्यात आधीचं व्याज आणि कर धरावेच लागतात. किमान भरल्याने फक्त दोन गोष्टी वाचतात: उशिराचा दंड आणि सिबिलच्या रिपोर्टवरचा डाग.

वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही असं तुम्ही म्हणाला होतात. ते राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे त्या आधारावर बँकेशी भांडण्यात अर्थ नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पूर्ण बिल आपोआप खात्यातून वळतं व्हायला हवं. ही सोय करताना एका जागी फसगत होते. ऑटो-पेच्या फॉर्मवर दोन पर्याय असतात, ‘किमान देय’ आणि ‘एकूण देय’. ‘एकूण’वर खूण हवी. आधीच ऑटो-पे चालू असेल तर अॅपमध्ये जाऊन कुठल्या पर्यायावर आहे ते एकदा बघा. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं ‘किमान’वर असतात आणि बिल भरलं जातंय म्हणून निश्चिंत असतात. दुसरं, वळतं होण्याच्या दिवशी खात्यात पैसे हवेत, नाहीतर खात्याची बँक एक दंड लावते आणि कार्डवाली दुसरा. तुमची पेन्शन महिनाअखेरीस येते, म्हणून मुदतीची तारीख ५ ते १० च्या दरम्यान असलेली बरी. तशी नसेल तर बिलाचं चक्र बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमान एकदा तरी ते बदलून देणं बँकेला भाग आहे. हा नियम शाखेतल्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही, तेव्हा अॅपमधून किंवा ईमेलने मागणी करा.

हाताने भरायचं असेल तर मुदतीच्या तीन दिवस आधी भरा. मुदत चुकलीच, तर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेला उशिराचा दंड लावता येत नाही आणि सिबिलकडे थकबाकी म्हणून कळवताही येत नाही. त्या तीन दिवसांवर विसंबू मात्र नका, कारण व्याजाला ही सूट नाही.

एटीएममधून क्रेडिट कार्डाने पैसे काढू नका, दवाखान्याची घाई असली तरी. साधारण अडीच टक्के किंवा पाचशे रुपये, यांतलं जे जास्त असेल ते शुल्क, आणि व्याज त्याच दिवसापासून. दवाखान्यात कार्ड थेट स्वाइप करा. ‘नो कॉस्ट ईएमआय’ही अगदी फुकट नसतो, प्रक्रिया शुल्क लागतं आणि व्याजाच्या भागावर जीएसटी जातो. फ्रिजसारख्या एखाद्या वस्तूला ठीक आहे, मोबाइलच्या कव्हराला नको.

आता सिबिल. ‘सिबिल’ हे एका कंपनीचं नाव. अशा चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींचे स्कोअर ३०० ते ९०० मध्येच असतात, पण आकडे थोडे वेगळे निघतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमची पेन्शन किती, खात्यात किती, एफडी किती, यातलं काहीच तिथे जात नाही. जातं ते फक्त कर्जाचं: घेतलं किती, वापरलं किती, फेडलं वेळेवर की नाही, नव्या कर्जासाठी किती ठिकाणी विचारणा झाली. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही.

आणि खरं सांगू का, तुमच्या वयाला त्या आकड्याची फारशी काळजी करायचं कारण नाही. बहुतेक बँका कर्ज सत्तरीच्या आसपास फिटलं पाहिजे अशीच मुदत देतात, मग ७६० असले काय आणि ८१० असले काय. लिमिटच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवा वगैरे जे सल्ले येतात ते पुढच्या वर्षी घर घ्यायचं असलेल्यांसाठी आहेत. तुम्हाला रिपोर्ट हवा तो वेगळ्याच कारणासाठी: आपल्या नावावर कुणी काही उचललंय का, आणि जुनं देणं कागदावर अजून जिवंत आहे का, हे बघायला.

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कंपनीच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर जा. पैसे भरायचं पान आलं की मागे या, फुकटवाला पर्याय तिथेच कोपऱ्यात असतो. चौघींचे एकदम काढू नका, दर तीन महिन्यांनी एकीचा काढलात की वर्षभर नजर राहते. रिपोर्ट उघडल्यावर स्कोअर सोडून द्या आणि खात्यांची यादी वाचा. ओळखीचं नसलेलं खातं, तुमचा नसलेला फोन नंबर किंवा पत्ता दिसला तर पॅनचा गैरवापर झालेला असू शकतो. प्रत्येक खात्याखाली महिनावार चौकटी असतात. त्यात ‘०००’ म्हणजे वेळेवर भरलं, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस थकलं. ‘सेटल्ड’ हा शब्द कुठे दिसतोय का ते बघा, तो ‘क्लोज्ड’पेक्षा वेगळा. सेटल्ड म्हणजे तडजोड करून कमी पैशांत मिटवलं, आणि बँका तो डागच समजतात.

घराचं कर्ज फिटलंय, तरी रिपोर्टमध्ये चालू दिसत असेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावरच तक्रार नोंदवा, सोबत बँकेचा ना-हरकत दाखला जोडा. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. घराचे मूळ कागद सगळे परत आलेत ना, तेही बघा. १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत ते परत करणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. आणि बाबा, गावाकडच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा जुना बोजा अजून असेल तर तो आपोआप उतरत नाही. सोसायटीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो, मग फेरफार होतो. हे काम तुम्ही दोघं असतानाच झालेलं बरं, नंतर वारसांना चार चकरा जास्त होतात.

मला खरी काळजी कार्डाची नाही, सहीची आहे. बाबा, नात्यातलं कुणी पतसंस्थेच्या कर्जाला ‘फक्त जामीन राहा, बाकी मी बघतो’ म्हणून आलं की तुमच्याच्याने नाही म्हणवत नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये आहे. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं तुम्हाला म्हणता येत नाही. सहकारी पतसंस्थेला तर कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्यावर कर्जदार आणि जामीनदार दोघांची नावं असतात. बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते खातं तुमच्या रिपोर्टमध्येही उमटतं, थकलं की तुमच्याच नावापुढे. पतसंस्थेचं मात्र तिथे दिसेलच असं नाही, म्हणून रिपोर्ट स्वच्छ आहे यावरून कुठे सही नाही असं धरू नका. आधी कुठे कुठे सह्या केल्या आहेत त्यांची एक यादी करून मला पाठवा, रागावणार नाही. त्या संस्थांना बाकी किती आहे ते लेखी विचारू. आणि यापुढे कुणी आलं तर माझं नाव सांगा: मुलगी नको म्हणते. वाईटपणा माझ्याकडे राहू दे.

मदत करायचीच असेल तर परत आले नाहीत तरी चालतील एवढे पैसे हातात द्या, सही देऊ नका.

कार्डावर कधी मोठी बाकी राहिलीच, तर एफडी सांभाळत बसू नका. सात टक्क्यांची एफडी राखून ४२ टक्क्यांचं व्याज भरणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. एफडीवर कर्ज काढलंत तर एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त पडतात. त्यातून कार्ड पूर्ण फेडा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची परवानगी नाही, हे माहीत असू द्या.

आई, आता तुझं. तुझं कार्ड हे बाबांच्या कार्डाचं जोडकार्ड आहे. त्यावरचा खर्च बाबांच्या बिलात येतो, तुझ्या नावावर काहीच जमत नाही, आणि बाबांचं खातं बंद झालं की तुझंही बंद. तुला स्वतःचं हवं असेल तर तुझ्या नावाच्या एफडीवर कार्ड मिळतं, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ती एफडी मात्र कार्ड असेपर्यंत मोडता येत नाही, म्हणून लहानशी वेगळी कर. मला वाटतं, कर. वापर फक्त वीजबिलाला आणि गॅसला.

बाबांच्या पाकिटातलं ते दुसरं, न वापरलेलं कार्ड वार्षिक फी घेतं ना? बंद करून टाका. पॉइंट आधी वापरून घ्या, त्यावर लागलेलं कुठलं मासिक वर्गणीचं बिल असेल ते हलवा, बाकी शून्य करा, मग ईमेलने बंद करायला सांगा. फोनवर सांगितलंत तर ते सवलती सांगत अर्धा तास घालवतील. बाकी शून्य असेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. बंद झाल्याचं पत्र आल्याशिवाय कार्ड कापू नका.

फसवणुकीबद्दल रोजच काहीतरी येतं, म्हणून थोडक्यात. पॉइंट संपतायत, लिमिट वाढवतो, केवायसी राहिलंय, हे सगळे फोन ठेवून द्या. व्हॉट्सअॅपवर आलेली बँकेच्या नावाची फाइल उघडू नका, तिने फोनमधले ओटीपी वाचता येतात. अॅपमध्ये परदेशी व्यवहार बंद करून ठेवा. मशीनला नुसतं टेकवून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय जातात, तेही बंद करता येतं. पैसे गेलेच तर आधी बँकेला फोन आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला. तुमची चूक नसताना गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. ओटीपी सांगून गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यापुढचं बँकेचं. म्हणून लाजेने दिवस घालवू नका. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

या आठवड्यात तेवढं ऑटो-पेचं बघा. स्क्रीनचा फोटो मला पाठवलात तरी चालेल, पण कार्डाचा पाठवू नका, मागचा तर नाहीच.

तुमची,
लेक