परत कधी फिरायचं तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतले पावसाळी ट्रेकचे लेख मी इथे अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला बसून मोबाईलवर वाचते. एसटी कुठली, गाडी कुठे लावायची, धबधबा कुठे, सगळं असतं, पण परत किती वाजता फिरायचं हे कुणीच लिहीत नाही, हे दरवेळी खटकतं म्हणून आज शेवटी लिहायला बसलेच.

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून इथे आलो. हे अख्खं शहरच १६०९ मीटरवर, आणि आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे बघा, कळसूबाईच्या माथ्याजवळ बिऱ्हाड थाटल्यासारखं! पहिला महिना डोकेदुखीत आणि डाळीशी भांडण्यात गेला, पाणी ९५ अंशालाच उकळतं त्यामुळे पातेल्यातली तूरडाळ टणक ती टणकच. रस्ता मात्र कधी चुकलो नाही. डोंगर दिसले की ती पश्चिम, विषय संपला.

आता आम्ही दर रविवारी सिंहगड चढणारी माणसं, आम्हाला कोण काय शिकवणार! जुलैत निघालो क्वांडरी पीकला. ४३४८ मीटर. चौदा हजार फुटांवरच्या शिखरांना इथे फोर्टीनर म्हणतात, अशी पन्नासच्या वर आहेत कोलोरॅडोत, आणि हे त्यातलं सोपं समजलं जातं. पोहे-चहा करून आरामात गेलो, चढायला लागलो तेव्हा साडेआठ वाजलेले. वाटेत सत्तरीच्या एक आजी भेटल्या, त्या खाली येत होत्या! कुठे निघालात विचारलं, आम्ही वर बोट दाखवलं, तर त्यांनी आमच्याकडे न बघता ढगांकडे बघितलं. तेव्हाच कळायला हवं होतं. साडेअकराला झाडांची हद्द कधीच मागे पडलेली, आडोसा म्हणून एक झुडूप नाही, आणि पांढरा ढग पंधरा मिनिटांत काळा. हवेतल्या विजेने हातातल्या ट्रेकच्या काठ्या गुणगुणायला लागल्या, माझे वेणीतून सुटलेले केस सरळ उभे राहिले. मग जे पळत सुटलो ते साबुदाण्याएवढ्या गारा खात झाडीत येईपर्यंत थांबलोच नाही.

नंतर कळलं, उन्हाळ्यात इथे उतार तापून दमट हवा वर चढते आणि दुपारी विजा जवळजवळ ठरलेल्याच. म्हणून लोक पहाटे तीन-चारला डोक्याला बॅटरी लावून निघतात आणि बाराच्या आत झाडीत परत, शिखर पन्नास पावलांवर राहिलं असलं तरी.

आपल्याकडे विजांपेक्षा दरड, धुकं, हरिहरच्या पायऱ्यांवरची ती गर्दी, आणि ओढे. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेच्या वर जातो, हे पायथ्याच्या गावातलं पोरगंपण सांगेल. तेच विचारून प्रत्येक लेखाखाली एक चौकट टाका ना. किती वाजता जिथे असाल तिथून फिरायचं, कुठला ओढा पाऊस वाढला की ओलांडायचा नाही, गावात कुणाला सांगून वर जायचं. अडकलेल्यांना काढायला दोर घेऊन जाणारे इथेही बहुतेक स्वयंसेवकच आणि सह्याद्रीतही, आपापली कामं सांभाळून रात्री-अपरात्री जाणारे. जागेचा प्रश्न असेल तर धबधब्याचा एक फोटो कमी करा.

आपली,
एक पुणेकर वाचक, मुक्काम डेन्व्हर

ता.क. क्वांडरी सप्टेंबरात झालं. पावणेनऊला माथ्यावर होतो. पिठलं-भाकरी सोडाच, चहाची टपरीपण नाही, दशम्या काढल्या तर एक रानबकरा डब्याकडे टक लावून उभा.