चासीची दुरुस्ती की फेरबदल?

महोदय,

वडिलांच्या जुन्या पिकअपच्या गंजलेल्या चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेला क्रॉसमेंबर (सांगाड्याच्या दोन लांब बाजू, म्हणजे रेल, जोडणारा आडवा भाग) बसवताना गॅरेजवाल्याने लांब रेलच्या खालच्या आडव्या कडेवरच भोके पाडली. वास्तविक भाराने रेल वाकू लागते तेव्हा सर्वाधिक ताण तिच्या वरच्या व खालच्या कडांवर येतो. म्हणून शक्यतो भोके मधल्या उभ्या भागात पाडावीत आणि जुना भाग जोडण्यापूर्वी त्यावरचा रंग खरवडून केसासारखे बारीक तडे तपासावेत. भंगारातला भाग वाईटच असतो असे मुळीच नाही, माझा क्रॉसमेंबर तर उत्तम निघाला. मात्र त्यासोबत मिळालेले ताणलेले नट-बोल्ट पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील बदलांवर मर्यादा घातल्या आहेत, तर २०२१ च्या विंटेज वाहन नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवायच्या ५० वर्षांहून जुन्या गाडीच्या चासीत मोठा फेरबदल झालेला नसावा. गंजलेला क्रॉसमेंबर बदलणे ही दुरुस्ती की फेरबदल, हे परिवहन विभागाने सोप्या मराठीत स्पष्ट करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मुंबई